इंजिनाखालचं सिमेंट

“वयनी, तुम्ही खाली उतरू नका. मी करतो काय ते.”

सदानंद शिडीच्या तोंडाशी वाट अडवून उभा होता. मी विश्रामची जुनी पँट कमरेला सुतळीने आवळली होती, वर त्याचाच लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं आणि हातात गंज काढायची हातोडी. बंदरावर जाळी सांधत बसलेली माणसं कामं सोडून आमच्याकडे बघत होती. बाईमाणूस बोटीच्या इंजिनघरात उतरतंय, हे आंबोळ्याच्या बंदराने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“बाजूला हो,” मी म्हटलं.

“पण वयनी, तिथं...”

“तिथं काय झालं ते मला ठाऊक आहे. बाजूला हो.”

तो सरकला. मी शिडीला पाठ न देता, जपून एकेक पाय टाकत खाली उतरले. माझा नवरा विश्राम जिथं बुडून मेला त्या जागेत मी पहिल्यांदा पाय ठेवत होते.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा पाळण्यात असलेली माझी चिमी आता स्वतः आई झाली आहे. तिला हे सगळं मी एकदाच सांगितलंय. आज पुन्हा सांगते.

आमची बोट लोखंडी होती. आंबोळ्यात बाकी सगळ्या लाकडी, लोखंडी ही एकच. विश्रामने ती गोव्याकडून आणली तेव्हा म्हातारी माणसं हसली होती, लोखंड म्हणे पाण्यात बुडायचंच. विश्रामला तिचा फार अभिमान. लाटेवर ती कशी सरळ चढते, ते तो जेवतानासुद्धा हाताने करून दाखवायचा. बोट हाकणारा तांडेलही तोच, इंजिन बघणाराही तोच. जोडीला काशिराम जाक्कर. दोघं लहानपणापासूनचे सोबती. काशिरामची बायको अनुसया आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलो, एकाच विहिरीवर पाणी भरलं, एकमेकींच्या माहेरच्या गोष्टी एकमेकींना पाठ.

गणपतीच्या आधी समुद्र अजून पुरता निवला नव्हता, तेव्हा ती बोट खाडीच्या तोंडाजवळच्या खडकावर आपटून आडवी झाली. वर डेकवर होते ते तिघे, त्यात माझा धाकटा दीर सदानंदही होता, पाण्यात फेकले गेले आणि पोहत किनाऱ्याला लागले. विश्राम आणि काशिराम खाली इंजिनघरात होते. ते तिथंच राहिले. ओहोटीला बोट रेतीवर येऊन बसली, तेव्हा दोघांना बाहेर काढलं.

पंचनाम्याला सदानंदने सांगितलं की बोट आधी खडकाला लागली, मग पाणी आत आलं. दोघं इंजिन चालू करायला खाली गेले होते. नाळेकडचा, बोटीच्या पुढच्या टोकाचा पत्रा फाटलेला सगळ्यांना दिसतच होता. बोटीचं पोट रेतीत रुतलेलं, तिकडे कुणी बघितलं नाही.

पण गावात दुसरंच बोलत होते. म्हणत होते, पाणी आधी आलं. इंजिनाखालचा पत्रा गंजून खलास झाला होता, विश्रामने बघितला नाही, आणि स्वतःबरोबर काशिरामलाही घेऊन गेला. दहाव्याला घाटावर अनुसया सगळ्या बायकांसमोर मला म्हणाली, “तुझ्या घोवाच्या गंजक्या बोटीने माझा माणूस खाल्ला.” मी तिच्या अंगावर धावून गेले होते. बायकांनी धरलं. त्यानंतर ती समोरून आली तर मी वाट बदलायची आणि मी दिसले तर ती.

म्हणून मी उतरले होते. बोट भंगारात द्यायला सगळे सांगत होते. मी म्हटलं, दुरुस्त करायची, सदानंद तांडेल होईल. ते खरंच होतं. पण त्याहून मला तो तळ बघायचा होता. पत्रा शाबूत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग अनुसयाला हाताला धरून आणून दाखवायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

पलीकडच्या बंदरातून इब्राहिमचाचा सारंग आले होते. सगळा जन्म बार्जवर वेल्डिंग करण्यात गेलेला, पांढरी दाढी, हातावर ठिणग्यांचे डाग. बोट भरतीचं पाणी पोचत नाही अशा जागी ओढून ओंडक्यांवर ठेवली होती आणि त्यांनी नाळेचा पत्रा नवा जोडला होता. इंजिन साखळीने उचलून बाहेर नेलं होतं, त्यामुळे त्याच्याखालची खोलगट जागा, जिथं सांडलेलं डिझेल आणि झिरपलेलं पाणी साचून राहतं, ती मोकळी झाली होती.

“बाय, आधी तेल काढायचं,” ते वरून वाकून सांगत होते. “सोडा घातलेलं गरम पाणी ओत, घास, पूस, परत ओत. तेलावर कुठला रंग बसत नाय. मग हातोडीने खपल्या पाड. मग तारेचा ब्रश. लोखंड पांढरं दिसलं पायजे.”

सदानंद बाजारातून रेड ऑक्साइड रंगाचा डबा घेऊन आला होता. चाचांनी तो हातात घेतला आणि परत त्याच्या हातात दिला.

“हा खिडकीच्या गजांना लाव. इथं रात्रंदिवस पाणी साचणार. हा पाणी पितो आणि आतून गंज धरतो, वरून मात्र लालेलाल दिसतो. इथं दोन डब्यांचा प्रायमर पायजे, इपॉक्सी. दोन्ही कालवलं की लगेच लावायचा, नायतर डब्यातच दगड होतो.”

“तळाला सिमेंट आहे चाचा,” सदानंद पटकन म्हणाला. “सिमेंटवर कशाला एवढं? वरवर घासू आणि लावू.”

चाचा खाली उतरले. इंजिनाच्या बैठकीच्या मधोमध, बोटीच्या अगदी पोटात, करड्या सिमेंटचा थर होता. कडेने भेगा पडलेल्या. त्यांनी हातोडीच्या दांड्याने ठोकून कान लावला.

“हे फोडायला लागेल.”

“नको,” सदानंद म्हणाला.

“का रे?” मी विचारलं.

“घट्ट आहे. उगाच धक्का बसून जोड सुटतील. बऱ्याच बोटींना घालतात सिमेंट.”

“घालतात,” चाचा म्हणाले. “आणि खाली काय चाललंय ते मग अल्लालाच ठाऊक.”

चाचा जेवायला गेल्यावर मी छिन्नी लावली. सदानंद माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. इतका जवळ, की हातोडी उगारायला जागा होईना.

“वयनी, ऐका माझं. राहू द्या.”

मी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या ओठांवर घाम होता.

“सदा, काय आहे याच्या खाली?”

मी घाव घातला. सिमेंट ढेकळासारखं सुटायला लागलं. खाली काळं, ओलं, चिखलासारखं काहीतरी होतं आणि त्याला वास होता, लोखंडाचा आणि कुजक्या डिझेलचा. हाताने बाजूला सारलं तर खपल्याच्या खपल्या निघाल्या, वडाच्या वाळलेल्या पानासारख्या. एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. पांढरं लोखंड काही लागेना. मग बोटाला लाकूड लागलं.

खुंटी होती ती. फडकं गुंडाळून पत्र्यात ठोकलेली लाकडाची खुंटी. फडकं कुजलं होतं, पण काठ ओळखू येत होता. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. खुंटीच्या एका बाजूचा पत्रा खाऊन गेला होता, त्यात रेती घट्ट बसली होती. मी ती काडीने उकरली आणि तिथून खालच्या चिखलावरचा उजेड दिसला.

म्हणजे भोक आधीच होतं. विश्रामला ते ठाऊक होतं. त्याने ते बुजवून वर सिमेंट घातलं होतं.

मी वळून बघितलं. सदानंद रडत होता.

“भाऊ म्हणाला होता, दिवाळीपर्यंत काढू. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. तुम्ही रत्नागिरीला दवाखान्यात. बोटी वर काढून दुरुस्त करायचे दिवस, ते सगळे भाऊचे तिकडे गेले.”

ते खरं होतं. चिमी सातव्या महिन्यातच झाली. माझं रक्त थांबेना. अख्खा पावसाळा विश्राम माझ्या खाटेशी बसून होता. मधे एकदा दोन दिवस गावी जाऊन आला, तेव्हा मी विचारलं होतं, बोटीचं काय? म्हणाला, झालं सगळं, तू झोप.

“त्या दिवशी पाणी आधी आलं?” मी विचारलं.

“आधी आलं. इंजिनाच्या चाकाला लागलं आणि इंजिन बंद पडलं. पंप इंजिनावरच, तोही बंद. वारा खडकाकडे ढकलत होता.”

“मग तू पंचनाम्यात...”

“मेलेल्या भावाच्या नावावर मी तसं कसं लिहून देऊ, वयनी?”

मला राग आला होता, पण तो कुणाचा हे कळेना. विश्राम समोर असता तर त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या असत्या. बाहेर खाडीत भरतीचं पाणी चढत होतं.

“परत सिमेंट घालू,” सदानंद हळू आवाजात म्हणाला. “खालून पत्रा ठोकून घेऊ, चाचा बोलायचे नाहीत. हे गावाला कळलं तर या बोटीवर एक खलाशी चढणार नाही.”

“मी अनुसयाकडे जाते,” मी म्हटलं.

“वयनी, कशाला? ती थुंकेल तुमच्या तोंडावर.”

“थुंकू दे.”

तशीच गेले, त्याच कपड्यांत. दुपार कलली होती. अनुसया अंगणात चटईवर सुकट निवडत बसली होती. तिने मान वर केली, माझे काळे हात बघितले आणि पुन्हा खाली घातली.

“कशाला आलीस?”

“सांगायला.”

उभ्या उभ्याच सांगितलं. भोक, खुंटी, सिमेंट, पाणी आधी आलं ते. काही आडपडदा ठेवला नाही. विश्राम दवाखान्यात होता हे तेवढं सांगितलं नाही. ती सबब वाटली असती. मी बोलत असताना तिची बोटं सुकटीतले शिंपले वेचून बाजूला टाकत होती. माझं संपलं तरी वेचत राहिली.

“तू म्हणालीस ते खरं होतं,” मी म्हटलं. “घाटावर.”

“ते सिमेंट कोणी कालवलं, ठाऊक आहे तुला?”

“नाही.”

“ह्यांनी.” तिने हात थांबवले. “हाताची सालपटं निघाली होती. मी खोबरेल चोळून दिलं. विचारलं, कोणाच्या घराचं काम काढलंय? म्हणाले, घराचं नाही, बोटीचं. विश्राम दोन दिवसांसाठी आलाय, वहिनी तिकडे दवाखान्यात मरणाच्या दारात आहे, तेवढ्यात उरकून टाकतोय. दिवाळीनंतर पत्रा बदलू म्हणाले.”

मी खालीच बसले, तिच्या अंगणात.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग तू मला... सगळ्यांसमोर...”

“मग कोणाला बोलू गो?” ती एकदम ओरडली. घरातून तिची सासू दारात येऊन उभी राहिली. “ह्यांना बोलू? ते होते कुठे बोलायला? विश्रामभाऊ होता? तू होतीस समोर. तू जिवंत होतीस. म्हणून तुला बोलले.”

सासू आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवून पुन्हा आत गेली. माझे हात इतके घाण होते की तांब्याला लावायला धजावले नाही. अनुसयाने तो उचलून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

“मला बघायचंय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बंदरावरच्या माणसांनी पुन्हा कामं थांबवली. सदानंद तिला बघून डेकच्या दुसऱ्या टोकाला गेला. मी आधी उतरले, मग तिला हात दिला. ती बैठकीच्या लोखंडाला धरून वाकली. मी खुंटी काढून ठेवली होती. भोकातून खालचा उजेड येत होता.

अनुसयाने त्यात बोटं घातली. दोन बोटं गेली, तिसरं जाईना. तिने पुन्हा तिसरं घालून बघितलं.

“एवढंसंच?” ती म्हणाली.

मी मान डोलावली.

“एवढंसंच?” पुन्हा म्हणाली, आणि तिथंच त्या तेलकट तळावर मांडी घालून बसली आणि रडली. काशिराम गेल्यापासून तिला कुणी मोठ्याने रडताना ऐकलं नव्हतं, असं तिच्या सासूनेच मला नंतर सांगितलं. मीही तिच्याजवळ बसले. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही.

मग डोळे पुसून ती म्हणाली, “हे बुजवू नको इतक्यात. ज्याला या बोटीवर यायचंय त्याने आधी हे बघावं. बघून ज्याला यायचं असेल तो येईल.”

तसंच केलं. सदानंदने आपणहून गावच्या जाणत्या माणसांना खाली नेलं आणि पंचनाम्यात आपण काय बोललो आणि खरं काय घडलं, ते त्या भोकापाशी उभं राहून सांगितलं. काहींनी त्याला शिव्या घातल्या. एकाने विश्रामला घातल्या, त्या मी वर उभी राहून ऐकल्या. खाली उतरून गेलेली काही माणसं आपल्या बोटींचे तळ बघायला गेली, असंही कळलं. खलाशी मिळाले, उशिरा आणि बाहेरगावचे, पण मिळाले.

चाचांनी तेवढा पत्रा कापून नवा जोडला. बाकीचा तळ मी खरवडत राहिले. आता अनुसयाही यायला लागली. ये म्हणून मी सांगितलं नव्हतं. घरचं आटोपून यायची, पदर खोचून तारेचा ब्रश घ्यायची. आम्ही फारसं बोलत नव्हतो. गंजाची लाल धूळ नाकातोंडात जायची, थुंकीसुद्धा लाल यायची. कोपऱ्यात जिथं ब्रश पोचत नव्हता तिथं चाचांनी गंज मारायचं आम्ल फडक्याने लावायला दिलं. त्याने लोखंड काळपट झालं की धुऊन, पुसून कोरडं करायचं. सगळा तळ असा स्वच्छ झाल्यावर चाचांनी बोटाने चाचपला आणि म्हणाले, “आता थांबू नका. लोखंड उघडं राहिलं तर खाऱ्या हवेने संध्याकाळपर्यंत परत धरेल.”

दोन डबे कालवून त्यांनी आम्हाला एकेक ब्रश दिला. मध्ये मध्ये वर येऊन मोकळी हवा घ्या, वास डोक्यात जातो, असं बजावलं. अनुसया बैठकीच्या खालच्या बाजूला पालथी पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून लावत होती. जिथं दिसणारसुद्धा नव्हतं तिथं दोनदा लावलं तिने. दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला.

तिसऱ्या दिवशी काही काम नव्हतं. वाळायचं होतं. तरी ती आली.

“आज काय करायचं?”

“आज काही नाही.”

ती डेकवर बसली. मीही बसले. घासलेटात भिजवलेल्या चिंधीने आम्ही नखांतला प्रायमर काढत होतो. सदानंद दोरखंड गुंडाळत होता, आमच्याकडे न बघता.

“सदा,” अनुसयाने हाक मारली. “इकडे ये. बस. आमचे हे शेवटी काय बोलले?”

तो बसला नाही. दोर हातात धरून उभा राहिला.

“मी शिडीच्या तोंडाशी होतो. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. भाऊने सिमेंटच्या भेगेवर गोणपाट दाबून धरलं होतं, दोन्ही हातांनी, आणि काशिरामदादा बादलीने पाणी उपसून मला वर देत होता. मी ओतत होतो. भाऊ त्याला म्हणाला, काशा, तू वर जा. मी बघतो इथलं.”

“मग?”

“दादा गेला नाही.”

“काही बोलले नाहीत?”

“बोलला.” सदानंदने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “म्हणाला, गोणपाट धरणार आणि बादली पण मारणार, तुला काय तीन हात आहेत? आणि दोघं हसले. मी ऐकलं ते. मग बोट खडकाला लागली.”

अनुसया चिंधीने नख घासत होती.

“सांगितलेलं ऐकायचेच नाहीत कधी,” ती म्हणाली. नवरा आत्ताच भांडून घराबाहेर पडलाय आणि ती शेजारणीकडे त्याची तक्रार करतेय, असा तिचा सूर होता. “घरीसुद्धा असंच.”